गोंडा नाही ती रिकामी

गुरं शिकवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! म्हणजे गुरांना नव्हे, गुरेवाल्यांना. पश्चिम क्वीन्सलंडभर हिंडून, मांसासाठी पाळलेल्या कळपाचं प्रजनन नीट कसं सांभाळावं हे शिकवायची सरकारी नोकरी आहे माझी. जन्मल्यापासून गुरांत लोळलेल्या लोकांना काय शिकवणार कपाळ, असं तुम्ही म्हणाल. तेही तेच म्हणतात.

यंदा मात्र गिजी डाउन्स या गुरांच्या फार्मच्या मालकीण व्हर्नाबाई टलक शिकायला तयार झाल्या. नवरा गेल्यापासून एवढा मोठा पसारा त्या एकट्याच ओढतात. पावसाने दडी मारली होती आणि उरलेलं गवत गाभण गाईंना जेमतेम पुरलं असतं. रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या गाई तपासणीच्या दिवशीच ट्रकने विक्रीला जायला हव्या होत्या, नाहीतर सगळाच कळप उपाशी मेला असता. पुढचा ट्रक थेट महिन्याभराने येणार होता.

"नॉर्मन," बाई म्हणाल्या, "एक जरी गाभण गाय चुकून ट्रकमध्ये चढली ना, तर तिच्याबरोबर तुलाही विकीन!"

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा! माझी पद्धत आंधळ्यालाही कळेल अशी आहे. गाय रिकामी निघाली की शेपटीचा गोंडा कचकन कापायचा. गोंडा आहे ती गाभण, गोंडा नाही ती रिकामी. संपलं!"

माझा हा धडा बघायला शेजारपाजारचे गुरेवाले आले होते. शेजारपाजारचे म्हणजे तास-दीड तास गाडी हाकत आलेले. गुरांचे डॉक्टर फर्गस खांद्यापर्यंत हातमोजा चढवून खोड्यातल्या गाईमागे उभे राहिले. एकेक गाय तपासून ते ओरडायचे, "गाभण!" नाहीतर "रिकामी!" रिकामी म्हटलं की मी कात्री चालवायचो आणि लगेच मंडळींकडे तोंड करून पुढचं व्याख्यान सुरू करायचो. सुटलेली गाय चिंचोळ्या गल्लीतून पुढे जायची. तिथे व्हर्नाबाईंचा जुना गुराखी क्लेमकाका गाई मोजत उभा होता. मोजू दे बापडा, मी म्हटलं.

तपासणी संपली. डॉक्टर हात धुऊन पुढच्या गावाला निघून गेले. बाई स्वयंपाकघरातून चहा आणि फळांचा केक घेऊन आल्या आणि कुंपणावरून गाईंकडे बघतच राहिल्या.

"नॉर्मन, गोंडा नाही ती रिकामी ना?"

"अगदी बरोबर!" काय स्मरणशक्ती बाईंची!

"मग गाभण कुठे आहेत?"

मी वळून पाहिलं. एकाही गाईला गोंडा नव्हता! जिकडे बघावं तिकडे झिजलेल्या केरसुणीसारख्या शेपट्या! माझं डोकंच चालेना. एवढ्या सगळ्या मी कापल्या? बोलण्याच्या भरात मला भान राहत नाही हे खरं आहे. मेहुणीच्या लग्नात भाषण करता करता मी अर्धा केक एकट्याने संपवला होता. पण अख्खा कळप?

"अहो, डॉक्टर 'गाभण' म्हणाले होते ना?" मी मंडळींना विचारलं.

"म्हणाले की! पुष्कळदा म्हणाले," शेजारची प्रू म्हणाली. "पण गोंडे सगळ्यांचेच गेले. आम्हाला वाटलं, सरकारी पद्धत असेल."

तोवर बाई पाण्याच्या हौदाच्या काठावर मटकन बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्या रिकाम्या! पुढच्या वर्षी एक वासरू नाही! म्हणजे माझे वळूच कुचकामी!" आणि एकदम उठून त्या ट्रकवाल्यावर गरजल्या, "नेव्ह! वळू चढव ट्रकमध्ये! सगळे!"

"बाई, थांबा!"

"का थांबू? आंधळ्यालाही कळेल म्हणालास ना? मला कळलं!"

पहिला वळू चढला. दुसरा फळीवरच बसकण मारून बसला. नेव्ह त्याला मागून ढकलत होता आणि मी पुढून अडवत होतो. वळू माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याची बदनामी केली! तेवढ्यात चाकू पुसत क्लेमकाका आला.

"काय रे, कसली बोंबाबोंब?"

"काका, सगळ्या गाईंचे गोंडे गेले!"

"जाणारच! मोजलेल्या गाईचा गोंडा कापायचा, नाहीतर तीच गाय दोनदा मोजली जाते. माझ्या बापापासूनची रीत आहे ही. तू तर बोलत बसलास, पोरा. निम्म्याहून जास्त गाई तशाच सोडल्यास. मी उरकल्या."

मला एकदम आशा वाटली. "पण मी कापलेले ओळखू येतील ना? माझी कात्री, तुमचा चाकू!"

"येत होते की. सगळे वाकडे होते. पाहुण्यांसमोर लाज वाटली मला. सरळ करून टाकले."

आता हौदाच्या काठावर मी बसलो.

डॉक्टरांना फोन करून अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. आल्या आल्या ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वळू खाली उतरवले, गाई पुन्हा गल्लीत घातल्या. शेजारी एकही हलला नाही. असा फुकटचा तमाशा कोण सोडणार?

"आता खूण वेगळी करू," मी म्हटलं. "गाभण गाईच्या गळ्यात तांबडी दोरी आणि रिकामीच्या..."

"नॉर्मन, तोंड बंद!" डॉक्टर कडाडले. "खोड्यासमोर दोन बाजूंना उघडणारं गेट आहे. रिकामी डावीकडे, गाभण उजवीकडे. खूण हवीय कशाला?"

मी पाहिलं. गेट होतं. चांगलं माणसापेक्षा उंच, लोखंडी गेट!

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" मी बाईंना विचारलं.

"तू सरकारी माणूस. वाटलं, तुझं काहीतरी कारण असेल."

काहीही कारण नव्हतं हो!

सूर्य बुडता बुडता ट्रक फक्त रिकाम्या गाई घेऊन निघाला. गाभण गाई गवताकडे पांगल्या. व्हर्नाबाईंनी माझा हात हातात घेतला तेव्हा मला भरूनच आलं.

"नॉर्मन, पटलं मला. आता दरवर्षी तपासणी करायची आणि रिकाम्या गाई वेळीच काढायच्या. या सगळ्यांनीही ठरवलंय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणाला तरी काहीतरी पटलं होतं! "मग पुढच्या वर्षी मी कधी येऊ?"

बाईंनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी आपापल्या टोप्यांकडे पाहिलं.

"डॉक्टरांशी बोललोय आम्ही," बाई म्हणाल्या. "गेट तर आहेच. तू कशाला एवढ्या लांब येतोस? शिकवून झालं ना आता!"

शिष्य पूर्ण तयार झाले, असं मी ऑफिसला कळवून टाकलं आहे.