वडीलधाऱ्या रिलेचा संयम

बिघाड झाला की वीज तोडण्यासाठी जे यंत्र बसवलेले असते, त्याने खरोखरच वीज तोडलेली कोणत्याही खात्याला सहन होत नाही. या यंत्राला रिले म्हणतात. त्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात : किती करंट वाहू लागला की हलायचे, म्हणजे वीज तोडायची, आणि हलण्यापूर्वी किती थांबायचे. यातले थांबणे ते चटकन शिकते (खात्यातच वाढलेले असते).

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राला वीज देणाऱ्या एका उपकेंद्रात १९९५ साली ही शिकवणी मल्हारराव मोहिते यांच्याकडे होती. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन बेंगळुरात आले. मल्हारराव स्क्रूड्रायव्हर घेऊन रोज येलहंक्याहून येत. निवृत्ती जवळ आली होती आणि एकच इच्छा उरली होती, अधीक्षक अभियंता होऊन घरी जाण्याची. ती जागा एकच होती आणि ज्याला ‘अखंड पुरवठा ढाल’ मिळेल त्याला ती मिळणार, असे वरून सुचवण्यात आले होते. ढाल त्या उपकेंद्राला, ज्याचे रिले वर्षभरात सर्वांत कमी वेळा हलतील. (राखणदाराला शिट्टी न वाजवल्याबद्दल बक्षीस द्यावे, तसेच हे.)

रिलेंमध्ये ज्येष्ठता काटेकोर पाळतात. कारखान्यांकडे जाणाऱ्या लाइनींवरचे रिले कनिष्ठ, मुख्य ट्रान्सफॉर्मरवरचा रिले ज्येष्ठ. बिघाड झाला तर आधी कनिष्ठाने हलायचे. ज्येष्ठाने वाट पाहायची आणि कनिष्ठ ढिम्म राहिला तरच स्वतः हलायचे. ही पद्धत यंत्रांनी खात्याकडून उचलली की खात्याने यंत्रांकडून, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

ज्येष्ठ रिले मल्हारराव स्वतः सांभाळत; कनिष्ठ रिले गुरुराज या सहायक अभियंत्याच्या ताब्यात होते. हा निपाणीकडचा. कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली की करंट उसळायचा, रिलेला तो बिघाड वाटायचा, वीज जायची, आणि कारखानदार फोनवरून गुरुराजच्या घराण्याचा उद्धार करायचे. खात्याने तक्रारींचा अभ्यास केला तेव्हा शंभर टक्के तक्रारी वीज गेल्याच्या निघाल्या. जायला हवी होती तेव्हा वीज गेली नाही, अशी तक्रार एकही नव्हती (ती करण्याजोगे लोक बहुधा हयात नसतात). निष्कर्ष उघड होता.

“अण्णा, मी सेटिंग स्वल्प वर केलोय बघा,” एके सकाळी गुरुराज मल्हाररावांना म्हणाला. “तुमीबी स्वल्प वर करा. नाहीतर माझ्याआधी तुमचाच हलायचा. सरी ना?”

ज्येष्ठ आधी हलला तर सगळे पीण्या बंद आणि ढाल हातची गेली. मल्हाररावांनी स्क्रू फिरवला. मग दुसऱ्या कारखानदाराचा फोन आला. गुरुराजने आणखी स्वल्प वर केले, मल्हाररावांनी त्याहून स्वल्प वर. असे करत ढालीचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच दोघेही इतके वर गेले, की बिघाड व्हायचाच तर त्याने अर्ज देऊन यावे, अशी परिस्थिती झाली.

मल्हाररावांना हिशेब कळत नव्हता असे नाही. “याच्या पुढं ट्रान्सफॉर्मर सोसणार नाही,” एकदा जेवताना ते म्हणाले.

“सोसंल की हो. मी नाही का सोसले इतकी वर्षं?” भातावर सारू वाढत त्यांच्या पत्नी अंबुबाई म्हणाल्या. “ढाल त्या पलीकडच्या उपकेंद्राच्या हयवदनांना जाऊं दे, म्हणजे मग बसा हात चोळत.”

आयुधपूजेला ऑपरेटर योगीराजने रिलेंना झेंडूचे हार घातले आणि काचेवर हळदकुंकू माखले. हलण्यापूर्वी रिलेच्या आतली चकती फिरते; ती फिरते की नाही, हे त्यानंतर दिसेना. कोणाचीच गैरसोय झाली नाही, कारण ती फिरत नव्हतीच.

मार्च महिन्यात, ऐन दुपारी, एका कारखान्याबाहेर जुनी केबल फुटली. कनिष्ठ रिलेने ती मोठी मोटर असेल असे समजून दुर्लक्ष केले. ज्येष्ठ रिले कनिष्ठाचा मान राखून थांबला. थांबण्याचे शिक्षण न मिळालेला तिथे एकटा ट्रान्सफॉर्मर होता. त्याने पेट घेतला. हाताने वीज तोडायला योगीराज आवारात धावला, त्याने ती तोडलीही, पण उकळते तेल उडून त्याचे दोन्ही हात भाजले.

इस्पितळात मल्हारराव योगीराजच्या खाटेशी बराच वेळ बसले आणि चौकशीत सगळे खरे सांगायचे ठरवूनच उठले.

चौकशी समितीने एकच प्रश्न विचारला : रिले दिलेल्या सेटिंगप्रमाणे वागला काय? वागला होता. समितीने त्याला निर्दोष ठरवले आणि त्याच्या संयमाची नोंद घेतली. सेटिंग कोणी दिले, हे विचारणे समितीच्या कार्यकक्षेत नव्हते. मल्हाररावांनी सांगायला तोंड उघडले. समितीचे अध्यक्ष ढालीच्या निवड मंडळाचेही अध्यक्ष आहेत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते मिटले. “आणखी काही?” अध्यक्षांनी विचारले. “काही नाही, सर,” मल्हारराव म्हणाले.

पीण्यात पुढे बरेच दिवस वीज नव्हती, पण ती ‘आग’ या सदरात गेली. ‘रिले हलणे’ या सदरात वर्षभराचा आकडा शून्य होता. इतका निष्कलंक आकडा खात्याच्या इतिहासात कोणाचा नव्हता. ढाल मल्हाररावांना मिळाली, पाठोपाठ जागाही. समारंभाला योगीराजला पहिल्या रांगेत बसवले होते. टाळ्या त्याला वाजवता आल्या नाहीत, हातांना पट्ट्या होत्या. मल्हाररावांनी व्यासपीठावर पूर्ण वेळ त्या रांगेकडे पाहायचे टाळले.

वाचकहो, मल्हाररावांची तुम्हाला चीड आली असेल तर ती रास्तच आहे. आता एक स्टूल घ्या आणि घरातल्या मीटरखालचा फ्यूज काढून पाहा. वर्ल्ड कपच्या मॅचला तो दोनदा उडाला, तेव्हा तुम्हीच त्यात तांब्याची जाड तार पीळ देऊन बसवलीत. त्यानंतर तो एकदाही उडालेला नाही. अभिनंदन. ढाल मीटरच्याच भिंतीवर टांगा, मुले त्याच भिंतीला टेकून टीव्ही बघत असतात.