जगताप काकांची दुसरी खाट

जगताप काका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी उजव्या पायाची टाच तीनदा आपटायचे. धप, धप, धप. मग मान तिरकी करून, खालून कुणी काही सांगतंय असा चेहरा करून विचारायचे, "हं, जमीन काय म्हणते?"

आता हे स्वतः राहायचे नोएडात, तिसऱ्या मजल्यावर. तिथं कसली आलीय जमीन? खाली भाटियाजींचं छत. पण रोज सकाळी उठल्यावर धप धप व्हायचंच, आणि रोज सकाळी भाटियाजी बनियनवर जिना चढून यायचे. "जगतापजी, ज़मीन नीचे है! बीच में मैं रहता हूँ!"

काका म्हणायचे, "बिल्कुल. तो आप ही बताइए, क्या कहती है?"

मी बबन. मी तिसरीत शाळा सोडली असं मी सांगतो. खरं म्हणजे शाळेनं मला सोडलं, मी नुसता हो म्हटलं. पुण्याच्या एका साहेबांचा ड्रायव्हर म्हणून दिल्लीला आलो. साहेब रिटायर होऊन परत गेले, मी एक जुनी मेटॅडोर घेऊन इथंच राहिलो. त्या वर्षांत नोएडात रोज नवा सेक्टर निघायचा आणि सगळं नंबरावर. मला आकडे येतात, पण एवढे नाही. एकदा एका नवरदेवाला मी भलत्याच सेक्टरात उतरवला. बिचारा तिथं जेवून आला.

तर काका. सरकारच्या नकाशांच्या खात्यात होते. जिथं रस्ता नाही तिथं जायचं आणि इथं रस्ता नाही असं नकाशावर दाखवून यायचं, हे काम. वर्षाचे आठ महिने तंबूत. पावसाळ्यात घरी. काकी दोन पोरं घेऊन दिल्लीच्या क्वार्टरमध्ये. कॅम्पवर कुटुंब न्यायची सोय नव्हती. पावसाळ्यात काका यायचे ते तंबूचं कापड खांद्यावर घेऊन. खात्यात शिंपी होता, पण त्याचा टाका काकांना पसंत नव्हता. मग काकी बसायच्या दाभण घेऊन. काकांच्याच जुन्या खाकी पँटींची ठिगळं लावायच्या. तीस वर्षं असं चाललं. शेवटी शेवटी त्या तंबूत तंबू कमी आणि पँटी जास्त होत्या.

काका रिटायर झाले तेव्हा शेजारीपाजारी रंगीत टीव्ही घेत होते, मारुती घेत होते. काकांनी खात्याच्या लिलावातून तंबू घेतला. वीस तंबूंचा ढीग होता म्हणे. काकांनी ठिगळं बघून त्यातून आपला ओळखला. मला सांगताना छाती अशी फुगायची! "बबन, लोक बायको शोधायला जातात. मी बायकोच्या टाक्यावरून घर शोधून आणलं."

काकी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आणि ठेवायचं कुठं ते? माझ्या डोक्यावर?"

तंबू ठेवला दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी. पाहुणे त्याच्यावर बसायचे.

वर्षातून तीनचारदा तंबू माझ्या मेटॅडोरमध्ये टाकून आम्ही निघायचो. बदरपूरच्या पलीकडे हरियाणात एका तळ्याकाठी सरकारी टूरिस्ट काँप्लेक्स होतं. खोल्या होत्या, कूलर होता, आणि मागं माळ होता, तिथं तंबू लावायची परवानगी. दुसरं कुणीच तिथं तंबू लावायचं नाही. चौकीदार दरवेळी विचारायचा, "ताऊ, कमरा क्यूँ ना लेता? पंखा लाग रया सै!"

"कमरे में ज़मीन बात नहीं करती," काका म्हणायचे.

चौकीदार माझ्याकडे बघायचा. मी आकाशाकडे बघायचो.

मग माळावर धप धप. इथं जमीन नाही म्हणते, तिथं अर्धवट हो म्हणते. पाणी कुठून येईल, वारा कुठून येईल, सूर्य कुठं उगवेल. मी मेखा घेऊन मागं मागं, मोठ्या वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा. शेवटी जागा ठरली की तंबू उभा राहायचा, आणि आत काका दोन घडीच्या खाटा लावायचे. पहिल्या खेपेला मला वाटलं दुसरी माझी. मी बूट काढून मस्त आडवा झालो.

"ऊठ. ती लागलेली आहे."

"कुणाला?"

"लागलेली आहे म्हटलं ना."

मी मेटॅडोरमध्ये झोपलो. तिथं जमीन काही म्हणत नाही, फक्त गिअर टोचतो.

खाट कुणाची हे कळायला मला दोन वर्षं लागली. माझं डोकं असंच, जुन्या डिझेलसारखं, आधी तापवावं लागतं. दरवेळी निघताना काका जिन्यातून हाक मारायचे, "येतेस का गं?" आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "तीस वर्षं माझ्याशिवाय राहिलात ना तिथं? राहा आता."

मग काका खाली उतरायचे. उतरताना टाच आपटायचे नाहीत.

त्या एप्रिलला हेच झालं. गाडी सेक्टराच्या बाहेर काढली तसे काका म्हणाले, "बबन, ही शेवटची खेप. ती काही यायची नाही. सोमवारी तंबू टेंटहाऊसवाल्याला देऊन टाकू. शादीत आचाऱ्याला सावली तरी होईल."

मी नुसता हॉर्न वाजवला.

शेवटची खेप म्हणून मी ठरवलं, यंदा तंबू असा लावायचा की काकांना आयुष्यभर अभिमान वाटला पाहिजे. लावलाही. फक्त एका कोपऱ्यात खाली दगड. मेख शिरेना. काका म्हणाले, "जमीन नाही म्हणते. उचल सगळं, दहा पावलं सरकू." असं म्हणून ते तळ्यावर किटली भरायला गेले.

तापलेलं ऊन, सगळं उचलायचं, पुन्हा ठोकायचं. मी विचार केला. विचार करणं मला परवडत नाही, तरी केला. मेटॅडोर मागं घेतली आणि त्या कोपऱ्याचा दोर मागच्या बंपरला बांधून टाकला. एवढी वजनदार मेख कुठल्या खात्याकडे असेल? काका आले. तंबू ताठ. ते खूश. मेखेचं मी सांगितलंच नाही, म्हटलं संध्याकाळी सांगू, शाबासकी घेऊ.

"बबन, दूध राहिलं. गेटवरून घेऊन ये."

"चलो," म्हटलं आणि गाडी सुरू केली.

गाडी जड वाटली. मला वाटलं चढ असेल. पहिला गिअर टाकला, दाबली. चर्रर्र असा आवाज आला. आरशात बघतो तर तंबू माझ्या मागं पळत येतोय, तंबूमागं काका, काकांमागं चौकीदार, आणि काकांच्या हातात किटली तशीच.

कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत फाटला. आतल्या दोन खाटा माळावर उघड्या पडल्या, नीट शेजारी शेजारी.

मी म्हटलं, काका, मारा मला. चपलेनं मारा. काकांनी किटली खाली ठेवली. फाटक्या कापडाशेजारी बसले आणि घडी करायला लागले. टाच नाही, जमीन नाही, काही नाही. मी त्यांना सहा वर्षं ओळखत होतो. गप्प बसलेले काका मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला माझ्या तीन मामांची नावं आठवेनात इतका मी घाबरलो.

मेटॅडोर सोडली ती थेट नोएडात. तीन मजले चढलो.

"काकी, तंबू फाटला."

काकी शेंगा निवडत होत्या. "कुणी फाडला?"

"मी."

"किती?"

मी दोन्ही हात पसरले. ते पुरले नाहीत, म्हणून भिंतीपर्यंत चालत जाऊन दाखवलं.

"मग आणायचा की इथं. शिवते."

"काकी, काका गप्प आहेत."

काकींचा हात थांबला. "गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प. जमिनीलासुद्धा काही विचारत नाहीत."

काकी उठल्या. ताट तसंच ठेवलं. कपाटातून दाभण काढलं, सुतळी काढली, आणि एक खाकी पँट. घडी घालून ठेवलेली, जशी काही वाटच बघत होती. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "नीट चालव. मला काही ओढत न्यायचं नाही."

पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. काका बसले होते तिथंच. काकींना बघून उभे राहिले, कपडे झटकले, साहेब इन्स्पेक्शनला आल्यासारखे. काकी कापड मांडीवर घेऊन बसल्या. काकांनी दुसरी बाजू ताणून धरली.

"सरळ धरा. नकाशा काढताय का?"

"धरलीय."

"थरथरताय."

"ऊन आहे."

मी दूध आणायला गेलो. या वेळी चालत.

परत आलो तर टाके संपत आले होते आणि काकी त्या दोन खाटांकडे बघत होत्या. "यांच्याबरोबर तू आत झोपतोस होय रे?"

"नाही काकी, मी गाडीत."

"मग ही दुसरी कुणाची?"

काका तळ्याकडे बघायला लागले. मला बोलायचं काही कारण नव्हतं. पण मी कधी कारण बघितलंय? म्हटलं, "ती लागलेली आहे, काकी. कुणाला ते ते सांगत नाहीत. मी पडलो होतो एकदा, मला उठवलं."

"कधीपासून लावतात?"

काका तळ्यालाच म्हणाले, "पहिल्या कॅम्पपासून. तंबू ठोकणारे खात्याचे खलाशी हसायचे. मी म्हणायचो, तपासणीला साहेब येतील त्यांची."

काकींनी शेवटचा टाका ओढला, सुतळी दातांनी तोडली. उठल्या, साडी खोचली आणि माळावर चालायला लागल्या. वीसेक पावलं गेल्यावर उभ्या राहिल्या आणि उजव्या पायाची टाच आपटली. धप, धप, धप.

काका किटली उचलून धावत गेले. हळूच विचारलं, "जमीन काय म्हणते?"

"तिला काय विचारता सारखं? मला विचारलंत का कधी?"

काका किटली हातात घेऊन उभे. मग म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

"दार पूर्वेला ठेवा," काकी म्हणाल्या. "सकाळचं ऊन अंगावर आलं पाहिजे माझ्या."

मी मेखा आणल्या. एकही दगड लागला नाही. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बिघडवल्यात, पण एवढी चांगली एकच बिघडवली, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

टेंटहाऊसवाल्याकडे काही तंबू गेला नाही. अजून सोफ्याच्या जागीच आहे. परवा भाटियाजी मला गेटवर भेटले, डोक्याला हात लावून. म्हणाले, "बबनजी, कुछ कीजिए. पहले सुबह तीन बार होता था. अब छह बार होता है."