गोठलेल्या क्रॅनबेरी संपवण्याचे मान्यताप्राप्त प्रकार

सावली तालुक्यातल्या एका जंगलकडेच्या गावात, शारदा महिला बचत गटाच्या डीप फ्रीजरमध्ये, मार्च महिन्यापासून गोठलेल्या क्रॅनबेरी पडून होत्या. त्या तिथे का आल्या, हे विचारायची पद्धत नव्हती. योजनेतून आलेली वस्तू ज्याच्या दारात उतरते, तिचा उपयोग शोधणं हे त्याचंच काम असतं.

गटाने मागितला होता फक्त फ्रीजर. गावाभोवती जांभळाची झाडं इतकी, की जूनमध्ये पायवाटेचा रंग बदलतो. जांभूळ मात्र मोठं उतावळं फळ. सगळं एकदम पिकतं आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. दरवर्षी निम्मं माकडं आणि डुकरं खात, थोडं व्यापारी म्हणेल त्या भावाला जाई आणि उरलेलं झाडाखाली सडे. गटाच्या अध्यक्ष गुणाबाई यांचं म्हणणं असं, की गर काढून गोठवला तर तो वर्षभर विकता येईल. हे म्हणणं इतकं सरळ होतं, की ते मंजूर व्हायला काही वर्षं जावी लागली.

अखेर शीतफळ प्रोत्साहन कक्षाने फ्रीजर दिला. सोबत 'प्रात्यक्षिक फळ' म्हणून क्रॅनबेरीची पाकिटं दिली, कारण योजना जिथे लिहिली गेली तिथे बहुधा बर्फ पडत असावा. आणि एक अट दिली: 'प्रात्यक्षिक फळाचा, सोबतच्या पाककृती पुस्तिकेनुसार, संपूर्ण विनियोग झाल्याखेरीज शीतकपाटात अन्य कोणतेही फळ ठेवू नये.'

पाकिटं घेऊन आले ते कक्षाचे तालुका समन्वयक प्रफुल साहेब. कोरपन्याकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला तरणा माणूस. हातात फाइल असली की छापील बोलायचा, फाइल खाली ठेवली की घरच्यासारखं.

"हे का होय जी?" गुणाबाईंनी लाल गोटी उचलून विचारलं.

"क्रॅनबेरी. विदेशी फळ आहे. अत्यंत पौष्टिक."

"तुमी खाऊन पायलं का?"

"ते माझ्या अधिकारात येत नाही."

गुणाबाईंनी ती तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला. "आपल्या अंबाडीवानी आंबट हाय. पन अंबाडी तं कुंपनाले फुकट येते बाप्पा. तिच्यासाठी फ्रीज काऊन पायजे?"

या प्रश्नासाठी पुस्तिकेत जागा नव्हती. पुस्तिकेतली पहिली पाककृती होती 'भाजलेल्या टर्कीसोबत क्रॅनबेरी सॉस'. टर्की हा पक्षी सावलीच्या बाजारात आढळत नसल्याचं गटाने रीतसर कळवलं. 'समकक्ष पक्षी वापरावा' असं उत्तर आलं. गटाच्या सचिव मंगली यांचा कोंबडा समकक्ष ठरला. गावाने तो बोटं चाटत खाल्ला आणि सॉस तसाच ठेवला. प्रफुल साहेबांनी अहवालात नोंदवलं, की पक्ष्याचा विनियोग शंभर टक्के झाला असून फळाचा प्रलंबित आहे.

दुसरी पाककृती मफिनची. त्याला ओव्हन हवा. ओव्हनच्या नात्यातलं जवळचं म्हणजे सावलीतल्या कय्यूमभाईंच्या बेकरीची भट्टी. कय्यूमभाई माणूस भला. त्यांनी क्रॅनबेरी आधी टोस्टमध्ये घातल्या, मग केकवर लावल्या आणि आठवड्याभरात उरलेलं पाकीट परत घेऊन आले.

"बाई, माफ करा," ते म्हणाले. "टोस्ट लाल होऊन राह्यले. गिऱ्हाईक म्हंते, कय्यूमभाई, हात कापला का तुमचा? आन केकवर लावलं तं पोट्टे उचलून फेकतेत. म्हंते, हे चेरी नकली हाय, असली लावा."

असली चेरी म्हणजे रंगाच्या पाकात मुरवलेलं आपल्याच रानातलं करवंद, हे गिऱ्हाइकाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. धंद्याचं भान असल्यामुळे कय्यूमभाईंनीही सांगितलं नाही.

तिसऱ्या पाककृतीपर्यंत मे महिना आला. जिल्ह्याच्या गावी, चंद्रपुरात, एवढी वीज तयार होते की ती राज्यभर जाते. सावलीला ती जाता-जाता भेटते. त्या महिन्यात तिने भेटणंही कमी केलं. क्रॅनबेरी वितळल्या, पुन्हा गोठल्या, पुन्हा वितळल्या, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच लाल शिळा झाली. पुस्तिकेतली प्रत्येक कृती 'एक वाटी क्रॅनबेरी घ्या' अशी सुरू होत होती. शिळेतून वाटी कशी काढावी याबद्दल कक्षाकडे मार्गदर्शन मागवण्यात आलं. कक्षाने ते वर पाठवलं.

मार्गदर्शन येण्याआधी जून आला. पहिली जांभळं पडायला लागली आणि गुणाबाईंचं जेवणावरचं मन उडालं. इतकी वर्षं फ्रीजर नव्हता म्हणून जांभळं सडत होती. आता फ्रीजर दारात उभा होता आणि तरी सडणार होती. याचा त्यांना भयंकर राग आला, आणि तो येणं अगदी योग्य होतं.

त्याच आठवड्यात गावातल्या डोमाच्या घरी बारसं निघालं. गुणाबाईंनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, शिळा फोडली आणि पुस्तिका चुलीपासून लांब ठेवली. निम्म्या क्रॅनबेरीत गूळ, लसूण आणि लाल मिरची घालून सार उकळलं. थोड्या जवसाबरोबर पाट्यावर वाटून चटणी केली. उरलेल्या तलावाच्या मासोळीच्या रश्शात चिंचेऐवजी सोडल्या. आंबटाला आंबट, त्यात विशेष ते काय? पंगतीच्या पंगती उठल्या. लोकांनी रस्सा मागून मागून प्याला. संध्याकाळी फ्रीजर मोकळा होता, पुसून कोरडा केलेला होता, आणि गुणाबाई त्याचं झाकण उगाच उघडून बघत होत्या.

शहाण्यांच्या जगात ही गोष्ट इथे संपली असती.

दुसऱ्या दिवशी प्रफुल साहेब आले. फाइल हातात होती.

"फळाचा विनियोग झाला?"

"झाला नं जी. गावानं भांडे पुसून खाल्लं."

"कोणत्या पाककृतीने?"

"आमच्या."

साहेब मट्कन खाटेवर बसले. "बाई, पुस्तिकेत मासोळी नाही. पुस्तिकेबाहेर संपलेलं फळ विनियोगात धरता येत नाही. ते अनधिकृत भक्षण होतं. जेवढं भक्षण झालं तेवढं फळ फ्रीजरमध्ये पूर्ववत दिसलं पाहिजे. नाहीतर फ्रीजर परत."

"पोटातलं कसं पूर्ववत करू?" मंगली म्हणाल्या. "मले सांगा, मी करतो."

साहेबांनी फाइल खाली ठेवली. "बाई, माही कंत्राटाची ऑर्डर याच महिन्यात संपते. तपासनीवाले परवा येऊन राह्यले. तुमचा फ्रीज जाईन आन माही नोकरी. मले तं काही सुचून नाई राह्यलं."

गुणाबाईंनी जरा विचार केला. "तपासनीत काय काय पायतेत ते?"

"वजन. आन पाकिटावरचं नाव."

"आंदर?"

"आंदरचं पायाचा रकाना नाई त्यात."

वर टिनांवर टपाटप जांभळं पडत होती. गुणाबाई उठल्या आणि आतून क्रॅनबेरीची रिकामी पाकिटं घेऊन आल्या, धुऊन, सुकवून, घडी घातलेली. चांगलं प्लास्टिक आपल्याकडे कोणती बाई फेकते?

पुढचे दोन दिवस अख्खं गाव झाडाखाली होतं. जांभळं वेचली, धुतली, चोळून बिया काढल्या, गर पाकिटात भरला. प्रफुल साहेबही बाह्या सरसावून बसले होते. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा जांभूळ सडलं नाही.

तपासणी पथक आलं. वजन भरलं, किंबहुना थोडं जास्तच भरलं, आणि त्याचं श्रेय गटाच्या जपणुकीला देण्यात आलं. पथकप्रमुखांनी चमचाभर गर चाखला, मग वाटीभर चाखला. "शेवटी विदेशी ते विदेशी," ते म्हणाले. "ही चव आपल्याकडच्या फळाला नाही." बोलताना त्यांची जीभ गडद जांभळी दिसत होती. उपस्थितांनी शिस्तीने दुसरीकडे बघितलं.

फळाच्या जपणुकीत गट जिल्ह्यात पहिला आला. प्रफुल साहेबांची ऑर्डर वाढली. फ्रीजर राहिला. आता त्यात क्रॅनबेरीखेरीज काही ठेवायचं नाही असा नवा आदेश आला आणि गटाने तो आनंदाने पाळला.

हिवाळ्यात नागपूरच्या प्रदर्शनात गटाला गाळा मिळाला. गर्दी अशी, की मंगलींना पाणी प्यायला उसंत नाही. रक्तासाठी चांगलं, केसांसाठी चांगलं, असं गिऱ्हाइकंच एकमेकांना सांगत होती. गुणाबाईंना खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण दिवसभर आपल्या झाडाच्या फळाचं दुसऱ्याच्या नावाने कौतुक चाललं होतं. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. दिव्यानी नावाच्या एक मॅडम पाकीट घेऊन पैसे काढत होत्या. गुणाबाई हळूच म्हणाल्या, "बाई, खरं सांगू का? हे आमचं जांभूळ होय. आमच्या गावच्या झाडाचं."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी पाकीट परत ठेवलं.

"जांभूळ? अहो, जांभळं लहानपणी ढिगाने खाल्लीत. मला क्रॅनबेरी हवी होती. नसेल तर तसं सांगा."

गुणाबाईंचे डोळे भरून आले. स्वतःच्या लेकीला कोणी दारातून परत पाठवावं तसं त्यांना वाटलं. मंगली मात्र खाली वाकल्या, त्याच डब्यातून दुसरं पाकीट काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं.

"हे घ्या जी. हे क्रॅनबेरी."

"बघा, रंगातच फरक कळतो," मॅडम म्हणाल्या आणि दोन घेतली.

त्या दिवसापासून गुणाबाईंनी खरं सांगणं बंद केलं. कक्षाच्या नोंदीनुसार सावली तालुक्यात आता क्रॅनबेरीचं विक्रमी उत्पादन होतं आणि त्या गावात जांभळाचं एकही झाड नाही.

राहता राहिली ही हकिगत. ती आम्ही आधी 'गुणाबाईंची जांभळं' या नावाने लिहिली होती. ज्याला वाचायला दिली, त्याने नाव बघून बाजूला ठेवली. सवडीने वाचतो म्हणाला. मग आम्ही आतला माल तोच ठेवला आणि वरचं नाव तेवढं बदललं. तुम्ही लगेच उचललीत.