मिशीवाला घरी पोचला का?

त्या मंगळवारी सकाळी आपटे काका वारले. दुपारी आमच्या घरी टीव्ही लागला नाही.

काका आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये, मुलीकडे राहायचे. काकू गेल्यावर सुलभानं त्यांना अमेरिकेत, सनीव्हेलला आणलं आणि मिरजेच्या घराला कुलूप लावलं. ती आणि तिचा नवरा दिवसभर ऑफिसात. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. मी घरी पुस्तकं वाचत बसायची. जेवणानंतरची डुलकी झाली की काका दार वाजवायचे. हातात सुलभानं आदल्या रात्री टेप केलेला रिअ‍ॅलिटी शो. त्यांच्या घरी रिमोट तीन होते आणि काकांचं तिघांशीही पटत नव्हतं.

"चल गं मंजिरी, बघू आज कोण सुटतंय."

सुटतंय, हा त्यांचा शब्द. एका बेटावर माणसं कोंडलेली, दर आठवड्याला मतं घेऊन एकाला घरी पाठवायचं, असा तो खेळ. बाकीच्या अमेरिकेच्या मते घरी जाणारा हरायचा. काका मात्र त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे. "सुटला लेकाचा!" एखादी मुलगी रडायला लागली की टीव्हीला म्हणायचे, "रडतेस कशाला, वेडे? घरी चाललीस ना?" आणि ती हात हलवून 'बाय' म्हणाली की भडकायचे. "बाय काय? येते म्हण!"

शेवटी जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळाले तेव्हा ते हळहळले होते. "यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं गं? सगळे गेले, हा एकटाच राहिला."

सुलभाशीही ते याच भाषेत बोलायचे. "सुलभे, एकदा माझ्या विरुद्ध मत दे ना. काढ मला बाहेर."

"बाबा, मिरजेला एकटे कसे राहाल? दिवाळीनंतर बघू."

"बघ मंजिरी," काका माझ्याकडे वळायचे, "आमच्याकडे व्होटिंगच होत नाही."

सुट्टीत शो बंद झाला तेव्हा मी त्यांना लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी आणून दिली. अशाच एका शोमधल्या स्पर्धकांची. मुखपृष्ठावर स्तुती इतकी होती की नावाला जागा उरली नव्हती. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ती धरणाचा अहवाल तपासावा तशी वाचली. संपल्यावर म्हणाले, "लायब्ररीत चल. तक्रार आहे."

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. काकांनी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "मॅडम, धिस बुक इज इनकम्प्लीट."

तिनं घाईघाईनं पानं चाळली. एकही फाटलेलं नव्हतं.

"पेजेस आर देअर," काका म्हणाले. "पीपल आर मिसिंग."

तिनं त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक देऊ केलं. "नो, नो. फर्स्ट शी शुड फिनिश धिस."

परतताना गाडीत त्यांची चिडचिड चालूच होती. "तो मिशीवाला आठवतो? तिसऱ्या प्रकरणात बाहेर पडतो. बॅग उचलतो, गेटबाहेर जातो आणि खलास! पुढे नावसुद्धा नाही. अगं, तो घरी पोचला का? दार कुणी उघडलं? ही बाई सगळ्यांना घराबाहेर काढते आणि कुणाला घरी पोचवत नाही. कादंबरी म्हणे!"

कादंबरी मलाही आवडली नव्हती, पण माझं कारण भाषेचं होतं.

मग लेखिकेचं उरलेलं काम काकांनी स्वतःच अंगावर घेतलं. दुपारी चहा पिता पिता ते एकेकाला घरी पोचवू लागले. पहिला मिशीवाला. तो ओहायोचा होता. "कुलूप गंजलंय. खोबरेलानं नाही उघडत, शिवणाच्या मशीनचं तेल घालावं लागतं. मग दार थोडं वर उचलायचं आणि ढकलायचं. आतून आवाज येतो, कोण आहे? हा म्हणतो, मीच. मग आतून, चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय."

दुसऱ्या दिवशी टेक्सासची नर्स घरी गेली. तिचंही दार वर उचलावं लागलं. पुढचा न्यूयॉर्कचा वकील. आतून त्यालाही कुणीतरी म्हणालं, आत्ताच पुसलंय.

बाहेरून कुलूप असताना आत कोण, हे मी विचारलं नाही. चहा पुन्हा गरम केला.

नवा शो सुरू झाला, संपत आला. शेवटच्या भागाची टेप काकांनी सोमवारी दुपारी आणली, पण त्यांना दम लागत होता. "उद्या बघू," म्हणाले. टेप टीव्हीवर ठेवली. दारात वळून नेहमीसारखं म्हणाले, "येतो गं."

सुलभा अस्थी घेऊन मिरजेला गेली. तिथून तिचा फोन आला. मागे रिक्षांचे आवाज होते.

"मंजिरी, कुलूपच उघडत नाहीये गं. दारात बसलेय बाबांना मांडीवर घेऊन."

"शेजारी शिवणाच्या मशीनचं तेल माग. आणि दार थोडं वर उचलून ढकल."

"तुला काय माहीत?"

"मिशीवाल्यानं तसंच उघडलं होतं."

"कोण मिशीवाला?"

"तू उघड आधी," मी म्हटलं. "आणि चपला बाहेर काढ."

बऱ्याच वेळानं दार करकरल्याचं फोनवर ऐकू आलं. मग सुलभा रडायला लागली.

टेप अजून माझ्याकडे आहे. मी ती लावलेली नाही. त्या बेटावर शेवटी एकटं कोण उरलं, मला माहीत नाही.