दिलदार राजाला परवानगी नाही

भिकुबाईंच्या घरात परवानगी देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे होता आणि त्या अधिकाराची वाटणी त्यांनी कधी होऊ दिली नव्हती. त्यामुळे शाळेच्या पालकसभेहून परतलेला त्यांचा मुलगा प्रेमराज मुलांच्या मोबाईलवर पहारा ठेवणाऱ्या अ‍ॅपविषयी सांगू लागला, तेव्हा त्यांनी त्याला मध्येच थांबवले.

"यात पालक कोण?"

"मी, अक्का. विधी माझीच मुलगी ना."

"आणि तू कोणाचा?"

जळगावच्या पिंप्राळ्यात स्वतःचे हार्डवेअरचे दुकान चालवणारा, गिऱ्हाइकांना एका शब्दात गप्प करणारा प्रेमराज आईचा फोन घेऊन बसला. पालकाचा फोन म्हणून भिकुबाईंचा फोन नोंदवला गेला. विधीच्या फोनवरच्या नको त्या गोष्टी बंद झाल्या. कोणी अनोळखी माणूस तिच्याशी बोलू पाहील, तर त्याची विनंती आधी भिकुबाईंकडे यावी, अशी व्यवस्था झाली.

"आता तुझा फोन आण," भिकुबाई म्हणाल्या.

"अक्का, मी पंचेचाळिशी ओलांडली!"

"मग? मागच्या दिवाळीला फुकट टीव्हीच्या मेसेजला कोण भुललं होतं? विधी?"

प्रेमराजची जन्मतारीख अ‍ॅपने बालक म्हणून स्वीकारेना. म्हणून त्याने नाइलाजाने विधीची तारीख भरली आणि अ‍ॅपच्या लेखी तो सहावीत गेला. सून ज्योतीचा फोन मात्र भिकुबाईंनी मोकळा ठेवला. सून शहाण्या घरातून आलेली होती. मुलगा त्यांनी स्वतः वाढवला होता. थोरली नात दिपमाला लवकरच सासरची जबाबदारी होणार, म्हणून तिलाही वगळण्यात आले.

ती जबाबदारी धुळ्याचे लोटननाना उचलतील, अशी सर्वांना आशा होती. त्यांचा मुलगा अभिमन आणि दिपमाला यांची जामनेरच्या एका लग्नात ओळख झाली होती. दोघांनी मनाशी सगळे ठरवूनही टाकले होते; अभिमनला पुण्याच्या नोकरीचे बोलावणे आले होते, तेवढे नक्की व्हायचे होते. परंतु लोटननानांच्या आईने, म्हणजे मोठ्या मायने, मुलीचा चेहरा पाहिल्याशिवाय त्या घरात सोयरीक होत नसे, आणि मोठी माय पाय मोडून खाटेवर होती. शेवटी व्हिडिओ कॉलवर मुलगी दाखवावी, असे मध्यस्थ तोताराममामांनी सुचवले. रविवारी चारला लोटननाना प्रेमराजच्या फोनवर कॉल करणार होते. नाही जमले, तर सोमवारी ते नंदुरबारची मुलगी पाहायला निघणार होते. हे दिपमालेला ठाऊक होते, म्हणून सकाळपासून ती साडी नेसून बसली होती.

चारच्या सुमारास दिवाणखान्यात श्वासाचाही आवाज नको, म्हणून पंखा बंद करण्यात आला. जळगावचा एप्रिल होता. प्रेमराज नव्या सदऱ्यात निथळत होता. ज्योतीने कुकर उतरवून ठेवला. दिपमाला साडीचा पदर पुन्हा पुन्हा सावरत फोनकडे पाहत राहिली. फोन मुका होता.

भिकुबाईंचा फोन मात्र किणकिणला.

त्यांनी चष्मा लावला. काळा गॉगल घातलेल्या वाघाचे चित्र आणि खाली नाव: दिलदार राजा. हा इसम त्यांच्या बालकाशी, प्रेमराजशी, बोलू इच्छित होता.

भिकुबाईंनी पडदा तळहाताने झाकला. व्याही समोर येण्याच्या मुहूर्तावर मुलाचे हे लक्षण! चारचौघांत त्याची अब्रू जाऊ नये, म्हणून त्यांनी धाकट्या नातीला खुणेने जवळ बोलावले.

"विधी, खरं नाव नाही, खरा फोटो नाही. अशाचं काय करायचं?"

"नाकारायचं," विधी शाळेत शिकवल्याप्रमाणे कुजबुजली.

भिकुबाईंनी नाकारले. वाघ पुन्हा आला. त्यांनी पुन्हा नाकारले. वाघ तिसऱ्यांदा आला.

"हा तर मागेच लागलाय गं!"

"मग ब्लॉक करा. आणि तक्रारपण करा, अक्का. नाहीतर तो दुसऱ्या मुलांना त्रास देईल."

"पप्पा, फोन का नाही येत?" दिपमालेने विचारले.

"नेटवर्क असेल बेटा," असे म्हणत प्रेमराज फोन घेऊन खिडकीशी गेला, तेथून दाराशी गेला, मग स्टुलावर चढला. तेवढ्या अवधीत भिकुबाईंनी तक्रार नोंदवली आणि आपण मुलाला वेळीच सावरले, या समाधानाने फोन मांडीवर उलटा ठेवला.

काही वेळाने ज्योतीचा फोन वाजला. धुळ्याला लोटननानांकडे बसलेले तोताराममामा इतक्या मोठ्याने ओरडत होते, की स्पीकर लावण्याची गरज पडली नाही.

"अहो, काय मांडलंय तुम्ही? लोटननानांच्या फोनवर मेसेज आलाय, तुम्ही अल्पवयीन बालकाला त्रास देताय म्हणून! पालकांनी तक्रार केलीय म्हणे! सरपंच राहिलेला माणूस आहे तो! उद्या नंदुरबारला जायची गाडी सांगितली त्यांनी!"

"पण कोणतं बालक?" स्टुलावरून प्रेमराजने विचारले.

"दिलदार राजा," विधी आईच्या फोनजवळ येऊन म्हणाली, "लोटननाना आहेत का?"

"त्यांच्या भाच्यानं ठेवलंय ते नाव! हौसेनं!" मामा ओरडले.

दिपमाला उठून उभी राहिली. तिने आजीकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी तरळले होते. या घरात भिकुबाईंकडे असे कोणी पाहत नसे. त्यांनी क्षणभर नजर चुकवली, मग सुनेच्या हातून फोन घेतला.

"तोताराम, नाही म्हणणारी मी आहे. प्रेमराजचा यात काही दोष नाही. मोठ्या मायला याच फोनवर व्हिडिओ लावून द्या. गडीमाणसांना मध्ये घालू नका."

फोन पुन्हा वाजला. मग पडद्यावर एक उशी दिसली, छताचा पंखा दिसला आणि अखेर सुरकुत्यांनी भरलेला, भेदक डोळ्यांचा चेहरा स्थिर झाला.

"मन्हा लोटनले कोनी अडावं?" मोठ्या मायने विचारले.

"मी," भिकुबाई म्हणाल्या. क्षमा मागण्याचा त्यांना सराव नव्हता. "माझ्या घरातल्या लेकराशी बोलायचं, तर आधी मला विचारावं लागतं."

"लेकरू कोन?"

भिकुबाईंनी फोन फिरवला. स्टुलावर उभ्या असलेल्या, घामाने चिंब झालेल्या प्रेमराजने हात जोडले.

"हाऊ?" मोठी माय उशीवरून वर सरकली. "आनि हाऊ तुन्हं आयकस?"

"ऐकतो ना! न ऐकून जाईल कुठं?"

मोठ्या मायने प्रेमराजला नखशिखांत न्याहाळले. दिपमालेने डोळे मिटून घेतले. प्रेमराजला स्टुलावरून उतरावे की नाही, हे कळेना.

"लोटन!" मोठ्या मायने मागे वळून हाक मारली. "गाडीवालाले नही सांग! ज्या घरमा आंडोर एवढा धाकमा शे, त्या घरनी आंडेर माले पाहिजे." मुलगा इतका धाकात, म्हणून त्या घरची मुलगी पसंत, हे कळून दिपमालेने डोळे उघडले. मग मोठ्या मायने चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला. "व्याहीनबाई, ते काय शे ते मन्हा फोनमाबी टाकी दे. पहिले लोटनले बसाड. मंग अभिमनले."

"मी सांगते तसं करायचं," भिकुबाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. "जन्मतारीख मात्र एखाद्या शाळकरी लेकराची भरायची."

"आनि नातसून घरमा उनी, का तिन्हा फोनबी मन्हाच हातमा!"

दोन्ही वृद्धा तृप्तपणे हसल्या आणि भिकुबाईंनी फोन दिपमालेकडे वळवला. लाजलेल्या दिपमालेने मान खाली घातली, असे धुळ्याला दिसले आणि मुलीचे वळण मोठ्या मायला फार आवडले. पिंप्राळ्यात मात्र ती खाली घातलेल्या मानेने, पदराआड, भराभर अभिमनला लिहीत होती: "पुण्याची नोकरी आजच्या आज पक्की कर. संध्याकाळनंतर तुझा फोन तुझा राहणार नाही."