कूलरमधली बाळंतीण

"कूलरला हात लावायचा नाय!" पुंडलिकराव खुर्चीवर उभ्या उभ्याच ओरडले.

रत्नमालाबाईंचा हात बटणापाशी थांबला. एप्रिल रणरणत होता, संध्याकाळी मोनिकाला बघायला पाहुणे येणार होते आणि कूलरचं गवत बदलायला चढलेला नवरा आत डोकं घालून एकटाच हसत होता.

"होल्याचं घरटं हाय आत. दोन पिल्लं. अजून डोळे पण उघडले नायत बिचाऱ्यांचे."

"मग ठेवा टोपलीत, न्या गच्चीवर."

"बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? तिला वारं तर लागूच द्यायचं नसतं. मोनिकाच्या येळेला भर उन्हाळ्यात तूच खिडक्या लावून बसली होतीस."

हे ऐकून रत्नमालाबाई जास्तच चिडल्या.

वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून पुंडलिकरावांचं हे असंच चाललं होतं. थंडीत गच्चीवर धोबी पक्षी शेपटी हलवत आले, की कपडे वाळत घालायला बंदी. उन्हाळ्यात नळाला पाणी येवो न येवो, पाखरांची भांडी काठोकाठ. गेल्या पावसाळ्यात तर मोरीत बेडूक मुक्कामाला आला, म्हणून मोनिकाला बघायला आलेल्या मंडळींना त्यांनी हात धुवायला अंगणात पिटाळलं होतं. ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

"हे स्थळ माझ्या लई मनात भरलंय," रत्नमालाबाईंनी बोट रोखलं. "पाहुण्यांपुढं पाखराचं नाव काढलं तर बघा. कूलर बिघडलाय म्हणायचं, बस्स."

पुंडलिकरावांनी मुकाट्याने मान डोलावली.

पाहुणे औरंगपुऱ्याहून आले ते रिक्षाने, घामाने निथळत. मुलगा ऋतुराज, त्याची आई आणि वडील रामकिसनराव.

"गाडी जरा बिघडलीय," कपाळ पुसत रामकिसनराव म्हणाले. "कूलर लावा की."

"तो पण बिघडलाय!" नवराबायको एका सुरात म्हणाले.

रामकिसनरावांचा चेहरा एकदम खुलला. शहागंजात त्यांचं कूलरदुरुस्तीचंच दुकान होतं, हे रत्नमालाबाई गडबडीत साफ विसरल्या होत्या.

"हात्तिच्या! आणा पेचकस."

"राहू द्या हो, लई जुनाय," पुंडलिकराव खिडकीतल्या कूलरला पाठ लावून उभे राहिले.

"जुन्यालाच तर दुरुस्ती लागते."

"शॉक मारतो!"

"मला सवय हाय."

ऋतुराजच्या आईने मुलाकडे अर्थपूर्ण नजर टाकली. या घरात लाइटबिलासाठी पाहुण्यांना उकडून काढतात, असं त्या नजरेत स्वच्छ दिसत होतं. मोनिका चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

"मोटर घुमतीय का, तेवढं ऐकतो," म्हणत रामकिसनरावांनी पुंडलिकरावांच्या बगलेतून बटणाकडे हात घातला. पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिलं. दिलेला शब्द पाळून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"नका हो, नका!" रत्नमालाबाई किंचाळल्या. "बाळंतीण हाय आत!"

रामकिसनरावांनी कूलरच्या फटीला डोळा लावला. आतून होल्याच्या मादीने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाय न वाजवता परत येऊन बसले. हेही स्थळ गेलं, आणि तेही आपल्याच तोंडाने, या विचाराने रत्नमालाबाईंना रडू फुटायच्या बेतात होतं.

रामकिसनरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोने मुलाकडे. मुलाने जमिनीकडे.

"आता काय लपवायचं," रामकिसनराव म्हणाले. "विहीणबाई, आमची गाडी ठणठणीत हाय. बोनेटमध्ये खारीनं पिल्लं घातलीत. ह्यो पोरगा चावीच देईना."

"तुम्ही येड्यात काढाल म्हणून बोललो नाय," ऋतुराजची आई म्हणाली. "मागच्या स्थळाला खरं सांगितलं, तर त्यांनी फोनच उचलला नाय परत."

रत्नमालाबाईंना त्यातला एकच शब्द ऐकू आला होता, विहीणबाई. मोनिकाच्या हातातला ट्रे हसण्याने हलत होता आणि ऋतुराज पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"मग तारीख कधीची धरायची?" पुंडलिकरावांना आता कंठ फुटला.

"तुमची उडू द्या, आमची पळू द्या, मग बघू!" रामकिसनराव एवढ्या मोठ्याने हसले की खिडकीची काच थरथरली.

"हळू, हळू!" रत्नमालाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पदराने घाम टिपत कूलरकडे पाहिलं. "लेकरं झोपलीत."