नागप्पांच्या मोटारीचा खमंग धूर

नागप्पांच्या जुन्या अँबेसिडरनं ऐन मोक्याच्या सकाळी निळा धूर सोडायला सुरुवात केली. दुपारच्या रेल्वेनं मोहोळचे सिद्धलिंगप्पा आपल्या मुलाला घेऊन नागप्पांच्या मुलीला, महादेवीला, पाहायला येणार होते आणि "स्टेशनावर आमची मोटार येईल," असं नागप्पा साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून बसले होते. महादेवीनं त्या मुलाला, शिवयोगीला, गड्ड्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं. तो तिला इतका आवडला होता की सकाळपासून ती चहात मीठ घालत होती. घोडं अडलं होतं मुलाच्या बापापाशी. तेलाचा धंदा करणारा माणूस भेसळ केल्याशिवाय राहत नाही, असं सिद्धलिंगप्पांचं ठाम मत होतं, आणि नागप्पांचा तर करडईच्या तेलाचा घाणा!

मेकॅनिक मस्तानभाई धावत आला. त्यानं प्लग काढले, पुसले, परत लावले. धूर तसाच. कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारली. धूर वाढला. शेवटी त्यानं सायलेन्सरवर हातोडा हाणला, तेव्हा सायलेन्सरच अर्धा खाली आला.

"अण्णा, पिस्टनके रिंगां गये," तो गंभीरपणे म्हणाला. "इंजिन खोलना पडता. आठ दिन."

"आरं, पाव्हणं आत्ता येत्यात की!"

"तो पाव्हणोंकू बोलो, आठ दिन ठैरके आव."

जमलेल्या गर्दीतून कुणी पेट्रोलात रॉकेल आहे म्हणालं, कुणी दृष्ट लागली म्हणालं. नागप्पांनी दोन्ही खरं मानून बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी बसव्वा पदर खोचून बाहेर आल्या.

"अवो, रस्त्यात भजी कोण तळतंय? मी अजून कढई बी ठेवली न्हाय!"

वास काढत काढत त्या थेट मोटारीच्या मागच्या नळीपर्यंत गेल्या. तिथं वाकून त्यांनी एक खोल श्वास घेतला.

"हे तर आपलं करडईचं तेल हाय!"

सगळ्यांच्या माना नागप्पांकडे वळल्या.

"मग?" नागप्पा उसळले. "काल इंजिनात तेल कमी दिसलं, घातलं डबाभर. सोताचा घाणा असताना मी दुसऱ्याचं तेल इकत आणू व्हय? पेठेत तोंड दाखवायला नको?"

मस्तानभाईनं कपाळाला हात लावला. तेल काढून दुसरं भरायला हवं होतं, पण तेवढ्यात रेल्वेची शिट्टी झाली आणि नागप्पा तशीच गाडी घेऊन सुटले.

सिद्धलिंगप्पांनी स्टेशनावर रामराम घालायच्या आधीच विचारलं, "तेलात भेसळ किती करता?"

"आदी बसा तर खरं," नागप्पा म्हणाले आणि त्यांनी गाडी काढली.

नव्या पेठेतून मोटार चालली तशी अख्खी पेठ नाक वर करून बघू लागली. टांगेवाल्यानं टांगा मागे लावला, सायकलवाले आले. चौकात गाडी जरा थांबली तर एका माणसानं खिडकीतून हात आत घालून दोन प्लेट भजी मागितली. नागप्पांनी घाईनं काच वर केली. मागच्या सीटवर सिद्धलिंगप्पा डोळे मिटून हुंगत होते.

"इंजिनात खायचं तेल घातलंय?"

"चुकलं माजं," नागप्पा पुटपुटले. आता पोरीला काय सांगायचं, या विचारानं त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"चुकलं कसं? भेसळीचं तेल जळलं की घसा धरतो. हितं तर मला भूक लागली! मोटारीला बी जो असलं चोख तेल पाजतो, त्याची पोरगी डोळे झाकून करावी."

"डोळे उघडे ठिवून बगू की, अप्पा," शिवयोगी पहिल्यांदाच बोलला.

घरी पोहोचल्यावर त्यानं महादेवी पाहिली आणि तिचा मिठाचा चहा हूं की चूं न करता प्यायला. लग्न ठरलं. सिद्धलिंगप्पांची अट एकच होती: वरात ह्याच मोटारीतून निघायची, आणि वास हाच आला पाहिजे.

पण ते तेल इंजिनात असं काही घट्ट बसलं की मस्तानभाईला पान्यानं खरवडूनही निघेना, आणि मोटार सुरूच होईना. अट तर पाळायलाच हवी होती. म्हणून लग्नाच्या दिवशी पेट्रोलची टाकी रिकामी करून मोटारीला पुढं घाण्याचा बैल जुंपला आणि मागं उघड्या डिकीत स्टोव्ह पेटवून नागप्पांची बहीण सावित्रम्मा भजी तळत बसली. वास अगदी हुबेहूब. वाजंत्री वाजू लागली, शिवयोगी आणि सिद्धलिंगप्पांना घेऊन वरात मांडवाकडे थाटात निघाली आणि पहिल्या चौकात आली. तिथं बैलानं जन्मभराच्या सवयीनं गोल वळण घेतलं. मग आणखी एक घेतलं.

"अरं, सरळ! सरळ!" नागप्पा ओरडत मागं धावले. बैल आपला गोल गोल फिरत राहिला. वाजंत्रीवाले गरगरून ओट्यावर बसले. अखेर शिवयोगी चालत्या गाडीतून उडी मारून, बाशिंग सावरत, पळतच मांडवाकडे निघाला.

सिद्धलिंगप्पा मात्र उतरले नाहीत. "तुमी व्हा म्होरं," ते तोंडातलं भजं सांभाळत म्हणाले. "मी येतो ह्याच मोटारीनं."